मादी म्हणून विकलेला नर : टॅरंटुला विकत घेणाऱ्यांसाठी एक अनुभव

मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडच्या कोरड्या रानात आढळणारा, गुडघ्यांवर नारिंगी पट्टे असलेला ‘रेड नी’ टॅरंटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, मी गेल्या वर्षी इंग्लंडमध्ये एका खासगी विक्रेत्याकडून घेतला. याचे शास्त्रीय नाव ब्राकिपेल्मा हॅमोराय असे आहे. २०१७ मध्ये या गटाचा नव्याने अभ्यास होईपर्यंत पाळणाऱ्यांकडचे बहुतेक कोळी ब्राकिपेल्मा स्मिथाय या नावाने ओळखले जात आणि काही विक्रेते आजही तेच नाव लिहितात. मला विकलेला प्राणी ‘कातेवरून खात्री केलेली तरुण मादी’ होती, निदान जाहिरातीत आणि नंतरच्या लेखी निरोपांत तसे स्पष्ट म्हटले होते. प्रत्यक्षात तो शेवटची कात टाकण्याच्या बेतात आलेला नर होता, आणि विक्रेत्याला ते ठाऊक होते असे माझे ठाम मत आहे.

या फसवणुकीत पैसा कुठे आहे हे आधी समजून घेतले पाहिजे. या जातीची मादी योग्य देखभालीत वीस वर्षांहून अधिक जगते आणि प्रौढ झाल्यावरही अधूनमधून कात टाकत राहते. नराचे तसे नसते. काही वर्षांत तो प्रौढ होतो, त्या वेळची कात बहुधा त्याची शेवटची ठरते, आणि त्यानंतर त्याच्या हाती काही महिने, फार तर वर्ष-दीड वर्ष उरते. साहजिकच मोठ्या मादीला नराच्या कितीतरी पट किंमत मिळते, आणि प्रौढत्वाच्या उंबरठ्यावरचा नर ज्याच्याकडे असेल त्याला तो झटपट, आणि मादी म्हणून, खपवण्याचा मोह होतो.

आकारावरून ओळखू असे अनेकांना वाटते, आणि विक्रेते नेमका त्याचाच फायदा घेतात. पायांच्या टोकापासून टोकापर्यंत दहा-बारा सेंटिमीटर भरणारा कोळी पाहिला की ‘एवढा मोठा, म्हणजे मादीच’ असा समज होतो. परंतु त्या मापाची मादी अजून वाढत असू शकते आणि त्याच मापाचा नर वाढीच्या अगदी शेवटाला पोहोचलेला असू शकतो. शिवाय उबदार खोलीत भरपूर खाद्य मिळालेला नर लवकर प्रौढ होतो, थंड जागी बेताने खाणाऱ्याला अधिक वर्षे लागतात. त्यामुळे अंड्यांच्या एकाच पिशवीतून निघालेले भाऊसुद्धा वेगवेगळ्या वयात आणि वेगवेगळ्या मापात प्रौढ होतात. पाय ताणून मोजले की आकडा आणखी फुगतो, म्हणून जाहिरातीतल्या सेंटिमीटरवरून वय किंवा लिंग ठरवता येत नाही.

कात मात्र खोटे बोलत नाही, ती त्याच प्राण्याची असेल तर. पोटाच्या आतल्या बाजूला, फुप्फुसांच्या पहिल्या जोडीच्या मधोमध, मादीच्या कातेत वीर्य साठवण्याची पिशवी दिसते; नरात ती नसते. मला मिळालेल्या डबीत एक कोरडी कात होती आणि तिच्यात ती पिशवी स्वच्छ दिसत होती. पुढे माझ्याकडे कोळ्याने कात टाकली तेव्हा तोंडाजवळच्या दोन आखूड अवयवांची टोके हातमोजे चढवल्यासारखी फुगीर दिसू लागली, पहिल्या पायांच्या खालच्या बाजूला आकडे आले, पाय लांब आणि पोट लहान झाले. तो प्रौढ नर होता, यात शंकेला जागा उरली नाही.

नव्या कातेवर साबणाचा थेंब घातलेले पाणी टाकून, ती मऊ करून मी पसरली. आत पिशवी नव्हती. मग दोन्ही कातांच्या पाठीवरच्या कवचाची लांबी मोजली, आणि लबाडी तिथे उघडी पडली. कात ही प्राण्याच्या आधीच्या मापाची असते, म्हणून विक्रेत्याने दिलेली कात माझ्याकडच्या कातेपेक्षा लहान असायला हवी होती. ती मोठी निघाली. कोळी वाढतो, आक्रसत नाही. ती कात दुसऱ्याच, अधिक मोठ्या मादीची होती.

विक्रेत्याचे पहिले उत्तर असे होते की लिंग ओळखण्यात चूक कोणाकडूनही होते. हे खरे आहे. लहान पिलांचे लिंग सांगताच येत नाही, आणि जिवंत कोळ्याच्या पोटाखालून बांधलेला अंदाज पुष्कळदा चुकतो. प्रामाणिक विक्रेता अशा वेळी ‘बहुधा मादी’ एवढेच म्हणतो. पण परक्या प्राण्याची कात पुरावा म्हणून डबीत घालणे ही चूक नव्हे. हे लिहून कळवल्यावर त्याने उत्तरे देणे थांबवले. काही आठवड्यांनी दुसऱ्या एका ‘मादी’च्या जाहिरातीत मला एका कातेचा फोटो दिसला, आणि तिची कड अगदी मला डबीत दिलेल्या कातेसारखीच फाटलेली होती. फोटो जुना असावा, पण प्राणी नवा होता.

ब्रिटनमध्ये विकणारा व्यापारी असेल तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार माल वर्णनाप्रमाणे असावा लागतो. खासगी व्यक्तीशी भांडताना लेखी वर्णन हाच मुख्य आधार असतो, म्हणून सगळे निरोप जपून ठेवावेत. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट वेगळी आहे. ब्राकिपेल्मा कोळी साइट्स या, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर भारताच्या वन्यजीव कायद्यातही अशा परदेशी प्राण्यांच्या नोंदणीची तरतूद आहे. २०२१ मध्ये चेन्नईच्या कस्टम अधिकाऱ्यांनी पोलंडहून टपालाने आलेल्या पार्सलात छोट्या कुप्यांत भरलेले १०७ जिवंत कोळी पकडले होते. कागदपत्रांशिवाय असा प्राणी घेणाऱ्याला फसवणुकीची तक्रार करायलाही तोंड राहत नाही.

पैसे देण्यापूर्वी कोळ्याचा काचेतून खालच्या बाजूने काढलेला स्पष्ट फोटो मागा, आणि त्यात तोंडाजवळच्या अवयवांची टोके नीट दिसू द्या. कात दिली असेल तर तिच्या कवचाची लांबी जिवंत प्राण्याच्या कवचाशी ताडून पाहा. या पद्धतीने विकलेली ‘मादी’ तुमच्याकडे आधीच असेल, तर सोबत आलेली कात टाकून देऊ नका. पुढची कात पडेपर्यंत ती तारखेसह डबीत ठेवा आणि मग दोन्हींची मापे घ्या.