शिकागो ते सेंट जोसेफ: रेल्वेच्या वेळापत्रकावर बेतलेली सरोवराकाठची सुट्टी

शिकागोत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला उन्हाळ्यात मिशिगन सरोवराच्या पलीकडच्या काठावर दोन दिवस काढायचे असले, की बहुतेक जण आधी नकाशा उघडून सर्वांत देखणा किनारा कोणता ते शोधतात, मग तिथे राहायची जागा पाहतात आणि अखेर शुक्रवारी संध्याकाळी मोटार काढून इंडियाना ओलांडेपर्यंत वाहनांच्या रांगेत बसतात. आम्हीही पाच-सहा उन्हाळे हेच केले. गेल्या जूनमध्ये आई-बाबा गुहागरहून आले होते आणि बाबांच्या गुडघ्यांना तीन-तीन तास मोटारीत बसणे झेपत नव्हते, म्हणून मी हा क्रम उलटा केला. आधी रेल्वेगाडी ठरवली, मग ती उतरवील ते गाव, आणि त्या गावाला जो किनारा असेल तो आपला. अॅमट्रॅक या अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रवासी रेल्वेची ‘पेर मार्केट’ ही गाडी आणि सेंट जोसेफ हे गाव अशी ही जोडी आहे, आणि मोटारीवाचून करता येण्याजोग्या लहान सुट्ट्यांमध्ये शिकागोकरांसाठी याहून सोयीची जोडी मला ठाऊक नाही.

गाडीच्या नावातल्या ‘मार्केट’चा बाजाराशी संबंध नाही. जाक मार्केट या फ्रेंच जेसुइट धर्मप्रसारकाचे नाव इथल्या जुन्या रेल्वे कंपनीने घेतले होते आणि ते पुढे या गाडीकडे आले. मार्केट 1675 मध्ये याच सरोवराच्या पूर्व काठावर मरण पावला. ही गाडी 1984 पासून धावते, तिचा खर्च मिशिगन राज्य उचलते, आणि शिकागो ते ग्रँड रॅपिड्स हे 176 मैलांचे अंतर ती दिवसातून एकदाच जाऊन एकदाच परत येऊन कापते. सुट्टीचा सगळा बेत या एका गोष्टीभोवती फिरतो. गाडी शिकागोच्या युनियन स्टेशनवरून संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास निघते, म्हणजे कामावरून थेट फलाटावर जाता येते. परतीची गाडी मात्र सेंट जोसेफवरून सकाळी साडेआठच्या आगेमागे सुटते. वेळा अधूनमधून बदलतात, तेव्हा तिकीट काढताना त्या पुन्हा पाहाव्यात. पण संध्याकाळी जाणे आणि सकाळी परतणे हा साचा कायम आहे.

याचा अर्थ असा, की शुक्रवारी निघून रविवारी परतणाऱ्याच्या पदरात फक्त शनिवार पडतो. दोन पूर्ण दिवस हवे असतील तर सोमवारी सकाळी परतावे. ते वाटते तितके अवघड नाही, कारण सेंट जोसेफचे घड्याळ शिकागोच्या एक तास पुढे असते आणि जाताना गमावलेला तास येताना परत मिळतो, त्यामुळे नऊ वाजून गेल्यावर माणूस युनियन स्टेशनवर असतो. ज्यांचे कार्यालय शहराच्या मध्यभागी आहे त्यांनी सोमवारचे कपडे वेगळ्या पिशवीत घडी करून नेले, तर ते स्थानकावरून सरळ कामावर जाऊ शकतात. भाडे मागणीप्रमाणे चढते, म्हणून तिकीट लवकर काढावे. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे भाडे पडते. गाडी मालगाड्यांच्या रुळांवरून धावते आणि कधी उशीर होऊ शकतो, हे धरून सोमवारी सकाळी दहाची बैठक मात्र ठेवू नये. जेवण बरोबर घ्यावे. आम्ही मेथीचे ठेपले, लसणाची चटणी आणि दह्याचा डबा नेला होता आणि इंडियानातल्या गॅरी शहराचे पोलाद कारखाने मागे पडेपर्यंत डबा रिकामा झाला होता.

आता त्या संध्याकाळविषयी. शिकागो सरोवराच्या पश्चिम काठावर आहे, त्यामुळे तिथे सूर्य पाण्यातून उगवतो आणि मावळतो तो इमारतींच्या मागे. कोकणात वाढलेल्या माणसाला हे कायम उलटे वाटत राहते, कारण आपल्याला सूर्य पाण्यात बुडताना पाहण्याची लहानपणापासूनची सवय. सेंट जोसेफ पूर्व काठावर आहे. शिवाय ते पूर्वेच्या कालविभागात अगदी पश्चिमेच्या टोकाला असल्यामुळे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे सूर्यास्त साडेनऊच्या थोडा आधी होतो. आमची गाडी सव्वानऊला लागली. फलाटावरून उतरून रस्ता ओलांडला की वाळू सुरू होते, त्यामुळे सामान वाळूवर ठेवून आम्ही उभे राहिलो तेव्हा सूर्याचा खालचा काठ नुकताच पाण्याला टेकत होता. आई कितीतरी वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, “हा आपलाच आहे की रे.” मला या सहलीतून दुसरे काही मिळाले नसते तरी चालले असते.

सेंट जोसेफचा हा सिल्व्हर बीच स्थानकाला अक्षरशः लागून आहे. पेर मार्केट जिथे जिथे थांबते त्यांपैकी असे दुसरे ठिकाण नाही, आणि म्हणूनच माझी शिफारस या एका गावासाठी आहे. स्थानकाची विटांची इमारत 1913 ची आहे. पायी येणाऱ्याला किनाऱ्यावर प्रवेशाचे पैसे पडत नाहीत. पैसे पडतात ते वाहन उभे करण्याचे. 1891 पासून 1971 पर्यंत इथे करमणुकीचे मोठे उद्यान होते आणि शिकागोची माणसे तिथे बोटीने येत असत. ते गेले, पण 2010 मध्ये गावात लाकडी घोड्यांचे गोल फिरणारे नवे चक्र उभे राहिले आहे, आणि जवळच्या कारंज्यात मुले तासन् तास भिजत राहतात.

वाळूविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तिच्यामुळेच या काठाची ख्याती आहे. इथे वारा बहुतेक वेळ पश्चिमेकडून वाहतो. तो वाळू आणि वरचे उबदार पाणी दोन्ही पूर्व काठाकडे लोटतो, म्हणून रुंद पुळणी आणि वाळूच्या टेकड्या याच बाजूला आहेत आणि पोहण्याचे पाणीही सहसा इथे अधिक सुसह्य असते. वाळू बारीक गारगोटीची आहे. कोरड्या पट्ट्यातून पाय घासत चालले की ती नव्या कोल्हापुरी चपलेसारखी करकरते. बाबांनी ती आधी मुठीत घेऊन हळूहळू सोडली, मग पुन्हा घेतली, आणि गुहागरच्या वाळूइतकी ही अंगाला चिकटत नाही असा निर्वाळा दिला. पाणी गोडे असल्याने अंग चिकट होत नाही, कपड्यांवर मिठाचे पांढरे डाग उरत नाहीत. आईचा यावर विश्वास बसेना, तेव्हा तिने बोट बुडवून जिभेला लावले आणि एवढ्या मोठ्या पाण्याला मीठ कसे नाही, असे मला दिवसभरात तीनदा विचारले. बाबांचा प्रश्न वेगळा होता. त्यांनी पहिल्याच सकाळी ओहोटी किती वाजता ते विचारले. सुमारे 58,000 चौरस किलोमीटरच्या या सरोवराला डोळ्यांना जाणवेल अशी भरती-ओहोटी नाही. पाण्याची पातळी हलते ती वाऱ्यामुळे.

समुद्राची सवय असलेल्यांनी नेमके इथेच सावध व्हावे. गोडे पाणी खाऱ्या पाण्याइतके अंगाला उचलून धरत नाही, त्यामुळे कोकणात सहज तरंगणारा माणूस इथे लवकर दमतो. लाटा समुद्रापेक्षा जवळजवळ येतात आणि एकीतून सावरेपर्यंत दुसरी अंगावर असते. सर्वांत धोक्याची जागा म्हणजे धक्क्यांच्या भिंतींची कड: तिथे भिंतीला समांतर असा प्रवाह आत खेचतो. वारा सुटलेला असताना धक्क्यावरूनही चालू नये, कारण लाट वरून ओलांडून जाते. किनाऱ्यावर निशाण लावलेले असते. लाल दिसले तर पाण्यात पाऊल घालू नये, आणि जीवरक्षक असेलच असे धरून चालू नये. शिवाय वारा काठाकडून आत वाहू लागला की वरचे उबदार पाणी दूर ढकलले जाते आणि तळाचे थंड पाणी वर येते. काल पोहण्याजोगे वाटलेले पाणी आज घोटे बधिर करते. आमच्या रविवारी हेच झाले आणि मुलांची समजूत घालायला दुसरे काहीतरी शोधावे लागले.

ते दुसरे काहीतरी म्हणजे दीपस्तंभ. सेंट जोसेफला एका ओळीत दोन दीपस्तंभ आहेत, 1906-07 च्या सुमारास बांधलेले, वरून लोखंडी पुलाने जोडलेले. सिल्व्हर बीचवरून ते समोरच दिसतात, पण नदीच्या मुखाच्या उत्तर बाजूच्या धक्क्यावर आहेत. त्यांच्या पायथ्याशी जायचे तर नदीवरच्या पुलावरून वळसा घालून टिस्कॉर्निया पार्क गाठावे लागते. बाबा आणि आई दक्षिणेच्या बाकावर बसून राहिले. आम्ही मुलांना घेऊन गेलो.

राहण्याच्या जागेबाबत आमची चूक झाली ती इथे नोंदवतो, म्हणजे इतरांची होणार नाही. जागेच्या जाहिरातीत “किनाऱ्यापासून पाच मिनिटे” असे होते. ती पाच मिनिटे मोटारीची होती आणि जागा नदीपलीकडे होती, हे आम्हाला रात्री दहा वाजता, चार बॅगा आणि दोन पेंगुळलेली मुले घेऊन वाळूवर उभे असताना कळले. या स्थानकाबाहेर रात्री टॅक्सी उभ्या नसतात. मालकाला फोन केला तर त्याने रस्ता समजावून सांगितला, यापलीकडे काही केले नाही. अखेर गाडी मागवून ती यायला पाऊण तास गेला. दुसरी गोष्ट अशी, की स्थानक आणि किनारा खाली आहेत, तर गावाची मुख्य वस्ती, दुकाने आणि खाणावळी वर कड्यावर आहेत, आणि मध्ये जिना आहे. नकाशावर दोनशे मीटर दिसणारे अंतर गुडघेदुखीच्या माणसाला वेगळे पडते. तेव्हा जागा निवडताना अंतर स्थानकापासून पायी मोजावे, चढ आहे का ते मालकाला लेखी विचारावे, आणि रात्री उशिरा पोहोचणार असल्याचे आधीच कळवून ठेवावे. जुलै-ऑगस्टमध्ये शनिवार-रविवारी अनेक जागा किमान दोन रात्रींशिवाय मिळत नाहीत. ज्यांना शक्य आहे त्यांनी रविवारी संध्याकाळी जाऊन मंगळवारी सकाळी परतावे. एक अख्खा सोमवार किनारा जवळजवळ आपल्या एकट्याचा असतो.

वरच्या गावात कड्याच्या काठाने झाडांची लांब बाग आहे आणि तिथली बाके पश्चिमेला तोंड करून आहेत. आई-बाबांचा शनिवारचा बराच वेळ तिथेच गेला. उन्हाळ्यात शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो आणि तो चुकवू नये, कारण हा सगळा पट्टा फळांचा आहे: सरोवराचे थंड पाणी वसंतात झाडांना लवकर फुलू देत नाही, त्यामुळे उशिराच्या हिमाने मोहोर जळत नाही. जूनमध्ये स्ट्रॉबेरी आणि पहिल्या चेरी, पुढे ब्लूबेरी, ऑगस्टमध्ये पीच. हिमाने मोहोर जळतो हे ऐकल्यावर बाबांनी लगेच आंब्यावरच्या ढगाळ हवेची आणि तुडतुड्याची गोष्ट विक्रेत्याला सांगायला घेतली आणि मी तिचे भाषांतर करत राहिलो. शाकाहारी माणसाचे जेवण पिझ्झा, सँडविच आणि बटाट्यावर निभते; त्याहून अधिक हवे असेल तर स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी आणि डाळ-तांदूळ बरोबर न्यावेत.

पुढच्या स्थानकांबद्दल थोडक्यात. बँगोरला उतरून साउथ हेवन हे ब्लूबेरीचे सुंदर गाव गाठता येते, पण ते सुमारे बारा मैल दूर आहे आणि रात्री तिथवर नेणारे वाहन आधी ठरवल्याशिवाय उतरणे शहाणपणाचे नाही. हॉलंडला स्थानक गावातच आहे, मात्र किनारा तिथून काही मैलांवर. डच वसाहतकऱ्यांनी 1847 मध्ये वसवलेले हे गाव पोहण्यापेक्षा मे महिन्यातल्या ट्युलिपसाठी गाठावे. वॉरन ड्यून्स या उद्यानातल्या वाळूच्या उंच टेकड्यांसाठी मात्र मोटारच हवी, आणि ती हौस असेल तर ही गाडी तुमच्यासाठी नाही.

सोमवारी सकाळी आम्ही आठलाच फलाटावर होतो, कारण त्या दिवसाची ती एकच गाडी. आईने स्ट्रॉबेरीची टोपली मांडीवर घेतली होती, आणि गाडी हलल्यावर तिने विचारले ते एवढेच, की पीच यायला लागतात तो महिना कोणता म्हणालास. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्याची तिकिटे मी इंडियाना यायच्या आत काढली; या वेळी जागा कड्याच्या वर, स्थानकापासून मोजून, आणि जिन्याला वळसा घालणारा उताराचा रस्ता विचारून.