जुन्या होडीतल्या बैठका बदलताना: बाक, पेटी की फिरती खुर्ची?

होडी बारा ते सोळा फुटांची, फायबरची, बरीच वर्षं वापरलेली. मागे आऊटबोर्ड इंजिन. बैठकीचं रेक्झीन तडकलंय, फोम दाबला की पाणी येतं, खालच्या प्लायचे पदर सुटलेत. गोव्यात शापोऱ्यापासून साळ नदीपर्यंत कुठल्याही धक्क्यावर अशा होड्या दिसतात. त्यांच्या मालकांपुढे तीन वाटा असतात. आहेत ते आडवे बाक दुरुस्त करून त्यांवर नवी गादी घालायची, बाकाच्या जागी झाकणाची पेटी बांधून तिचीच बैठक करायची, किंवा खांबावरची फिरती खुर्ची आणून बसवायची. पाठीला पाठ लावलेली, उघडून आडवं होता येणारी जोडखुर्चीही मिळते. पण ती रुंद आणि वेगवान होड्यांची चीज आहे. पाच फूट रुंदीच्या होडीत ती बसवली तर चालायला वाट उरत नाही, म्हणून तिचा विचार इथेच सोडतो.

माझं मत स्पष्ट आहे. गोव्याच्या पाण्यात चालणाऱ्या जुन्या होडीसाठी बहुतेकांनी बाक किंवा पेटी यांतूनच निवड करावी. फिरती खुर्ची वाईट नाही, पण तिचा सगळा भार फ्लोअरवर येतो आणि जुन्या होडीचा फ्लोअर क्वचितच धड असतो. तेव्हा दुकानात जाण्याआधी फ्लोअर तपासा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने इंच-इंच ठोकत जा. टणक, खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला किंवा पायाखाली लवचिकपणा जाणवला तर आतलं लाकूड कुजलंय. शंका असेल तिथे बारीक ड्रिल मारून भुसा बघा. तो कोरडा आणि फिकट असेल तर चांगलं, ओला आणि काळपट असेल तर बैठकीचं काम थांबवून आधी फ्लोअरचं करा. ड्रिलच्या टोकाला चिकटपट्टीची खूण बांधायला विसरू नका, नाहीतर भोक थेट होडीच्या बुडाला पडायचं.

बाक: दिसतो त्यापेक्षा कामाचा

लहान उघड्या होडीतला आडवा बाक फक्त बसायला नसतो. तो होडीच्या दोन्ही कडा एकमेकींना बांधून ठेवतो. लाट बाजूने आदळली की कडा आत दबायला बघतात, आणि त्यांना रोखतो तो हा बाक. ‘मधला बाक कापला की मोकळी जागा मिळेल’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. जागा मिळते हे खरं, पण काही काळाने कडेच्या जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थराला, केसासारख्या भेगा पडू लागतात.

दुसरं काम आणखी मोलाचं. अनेक जुन्या फायबर होड्यांत बाकाच्या पोटात फोम भरलेला असतो आणि होडी पाण्याने भरली तरी तोच तिला बुडू देत नाही. शंभर लिटर जागेतला कोरडा फोम सुमारे ९५ किलो वजन तरंगत ठेवतो. हा फोम काढून तिथे मोकळी पेटी केली आणि तेवढाच फोम दुसरीकडे, दोन्ही कडांना सारखा वाटून, बसवला नाही, तर आपण घरच्यांचा जीव धोक्यात घालतो. आग्वादच्या मुखाकडे, जिथे मांडवी समुद्राला मिळते तिकडे, जाणाऱ्याने तर ही गोष्ट कधीच तडजोडीला काढू नये. मात्र फोम वर्षानुवर्षं पाण्यात राहून जड झाला असेल तर तो तरंगवत नाही, उलट ओझं होतो. बाकाला खालून लहान भोक पाडा. पाणी ठिबकत राहिलं तर जुना फोम काढून नवा भरणं भाग आहे.

म्हणून बाक शाबूत असेल तर तोच ठेवून त्याच्यावर चांगली गादी आणि हुकने अडकणारी पाठ बसवणं हा सर्वात स्वस्त आणि माझ्या मते सर्वात शहाणपणाचा मार्ग आहे. उणीव एवढीच की बाक बुटका असतो. तासन्तास बसलं की गुडघे अवघडतात आणि वळून मागे बघायचं तर सगळं अंग फिरवावं लागतं.

फिरती खुर्ची कुणासाठी?

तिची ओढ मला समजते. कुंभारजुव्याच्या कालव्यातल्या संथ पाण्यात चोणकासाठी गळ टाकून बसायचं, दोन्ही बाजूंना सहज वळायचं, कंबरेला टेकू मिळायचा. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांना खाली बसून उठण्यापेक्षा उंच खुर्चीवरून उठणं खूपच सोपं जातं. वडिलांना किंवा काकांना पुन्हा होडीत बसवता यावं म्हणून कुणी हा खर्च करत असेल तर तो खर्च योग्यच आहे.

पण भाराचा हिशेब करून बघा. खांबाची तळपट्टी साधारण १८ सेंटीमीटरची चौकोनी असते. ७५ किलोचा माणूस बसलेला आहे आणि फ्लोअरपासून ७५ सेंटीमीटर उंचीवर पाठीला ३० किलोचा रेटा बसला, तर खुर्ची मागे कलू बघते आणि पुढच्या दोन बोल्टांवर मिळून जवळजवळ शंभर किलोची वर ओढ येते. हा रेटा साध्या मागे रेलण्याचा झाला. लाटेवर होडी आपटली की तो कितीतरी वाढतो. लाकडी स्क्रूने प्लायमध्ये बसवलेली खुर्ची अशा धक्क्यांनी हळूहळू सुटते. त्यातून सैल झालेल्या भोकात पाणी शिरतं आणि फ्लोअर कुजवतं.

गळाने मासेमारी करणाऱ्यांसाठीच्या, पिनवर बसणाऱ्या अनेक खांबांवर ताशी ५ मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे ८ किलोमीटरपेक्षा, जास्त वेगात वापरू नका असं लिहिलेलं असतं. त्या होडी थांबलेली असतानाच्या खुर्च्या आहेत. इंजिन चालू करून निघायचं तर बाकावर बसावं. शिवाय खुर्चीमुळे माणूस बाकापेक्षा वीसेक सेंटीमीटर उंच बसतो. रुंद होडीत ते चालून जातं. अरुंद होडीत मांडवीवरून जाणाऱ्या बार्जची लाट बाजूने आली की तेवढी उंची लगेच जाणवते. खुर्ची घ्यायचीच तर एकच घ्या, होडीच्या मधोमध बसवा आणि विकत घेण्याआधी पुठ्ठ्याचा तेवढाच गोल कापून ती पूर्ण फिरताना कडेला किंवा इंजिनाच्या दांड्याला अडकत नाही ना, हे बघा.

पेटीची बैठक

दोन्हींच्या मधली वाट म्हणजे पेटी. उंची आपल्या मनासारखी ठेवता येते, आत लाइफ जॅकेट, नांगराचा दोर, प्रथमोपचाराचं सामान राहतं. भार मोठ्या पायावर पसरतो, म्हणून फ्लोअर मध्यम प्रतीचा असला तरी निभावतं. पेटी कडांना आणि फ्लोअरला फायबरच्या मॅटने, म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेल्या काचतंतूंच्या थराने, पक्की केली तर जुन्या बाकाचं कडा बांधण्याचं कामही ती करते.

प्लाय घेताना ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर जाऊ नका, आयएस ७१० चा शिक्का बघा. मरीन प्लायचं ते भारतीय मानक आहे आणि त्याच्या चाचणीत प्लायचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. तरीही कापलेली प्रत्येक कड आणि प्रत्येक भोक इपॉक्सीने बंद केलं पाहिजे, कारण पाणी आत शिरतं ते कडेनेच. साधं पॉलिस्टर रेझिन लाकडाला इपॉक्सीइतकं घट्ट धरत नाही, म्हणून पहिला हात इपॉक्सीचाच द्यावा. होडी ॲल्युमिनियमची असेल तर प्लाय थेट तिला टेकवू नका. प्रक्रिया केलेल्या लाकडात तांब्याचे क्षार असू शकतात आणि खाऱ्या ओलीत ते ॲल्युमिनियम खातात. मध्ये प्लॅस्टिकची पट्टी घाला.

पेटीबाबत दोन गोष्टी मी ठामपणे सांगेन. पेट्रोलची टाकी बंद पेटीत ठेवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते आणि एका ठिणगीने पेटते. आणि ज्या पेटीत लाइफ जॅकेट आहेत तिला कुलूप लावू नका.

गादी

इथे पैसे वाचवले तर सगळं दोन पावसाळ्यांत परत करावं लागतं. म्हापसा किंवा मडगावातले कुशनवाले गाड्यांच्या सीट फार सुंदर शिवतात, पण त्यांच्याकडचा नेहमीचा फोम पाणी पितो आणि धरून ठेवतो. त्यांना बंद पेशींचा फोम आणून द्या. तो थोडा कडक लागतो पण पाणी जवळजवळ घेत नाही. मऊपणा हवाच असेल तर पाणी आरपार वाहून जाऊ देणारा जाळीदार फोम असतो. त्याच्या खाली फळीला भोकं आणि कापडाला जाळी मात्र हवी. वरचं कापड उन्हाला आणि बुरशीला टिकणारं मरीन व्हिनिल घ्या. दोऱ्याकडे कुणी लक्ष देत नाही आणि पहिल्यांदा तोच जातो. सुती दोरा कुजतो, नायलॉन उन्हात कमकुवत होतो, म्हणून उन्हाला टिकणारा पॉलिस्टर दोराच वापरायला सांगा. व्हिनिल फळीला ठोकायच्या पिना स्टेनलेसच्या हव्यात. साध्या पिनांचा गंज महिन्याभरात पांढऱ्या व्हिनिलवर उतरतो.

बोल्ट आणि भोकं

खाऱ्या पाण्यासाठी ३१६ दर्जाचं स्टेनलेस घ्यावं. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ३०४ मध्ये ते नसतं. चुंबकाने या दोहोंतला फरक कळत नाही, तेव्हा डोक्यावरचा ठसा आणि बिल बघून घ्या. नदीच्या वरच्या अंगाला, गोड्या पाण्यात, किंवा सहज दिसेल अशा जागी, ३०४ चालून जातं.

भोक पाडण्याची पद्धत जरा वेळखाऊ आहे, पण हेच काम बैठकीचं आयुष्य ठरवतं. बोल्टपेक्षा मोठं भोक पाडायचं, ते घट्ट इपॉक्सीने भरायचं, सुकल्यावर त्यातून बोल्टच्या मापाचं भोक काढायचं. आता बोल्टभोवती लाकूड नाही, इपॉक्सीची नळी आहे. पाणी आलं तरी फ्लोअरपर्यंत पोहोचत नाही. खालून रुंद पट्टी, मोठे वॉशर आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न होणारा नट. स्टेनलेसचे आटे एकमेकांना धरून बसतात, म्हणून त्यांना ग्रीस लावा आणि नट सावकाश फिरवा. खांब ॲल्युमिनियमचा असेल तर बोल्टाच्या डोक्याखाली नायलॉनचा वॉशर घाला. फ्लोअरच्या खाली हातच जात नसेल तर वरून दीड फुटाची जाड प्लायची चौकोनी फळी मॅटने फ्लोअरला एकजीव करून तिच्यात बोल्ट बसवता येतो. हा इलाज पेटीसाठी पुरेसा आहे; फिरत्या खुर्चीसाठी मी तो सुचवणार नाही.

फटी बुजवायला सिलिकॉन वापरू नका. त्याचा थर राहिला की पुढे त्यावर ना रंग धरतो ना दुसरं काही. पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट घ्या, पण कायमचा चिकटणारा नको. पुढच्या खेपेला बैठक काढायची आहे.

रेझिनचं सगळं काम एप्रिल-मे मध्ये उरकलं पाहिजे. पावसाच्या दमट हवेत रेझिन नीट धरत नाही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात बऱ्याच होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा शिवणकाम आणि गाद्या करता येतात. होडीतून पैसे घेऊन प्रवासी नेत असाल तर बैठकांची संख्या किंवा जागा बदलण्याआधी पणजीच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स कार्यालयात विचारून घ्या.

होडी पाण्यात गेल्यावर महिन्याभराने सगळे नट एकदा तपासा. आणि पुढच्या पावसाळ्यात गाद्या घरी आणा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, चेन उघडून भिंतीला उभ्या टेकवून ठेवा.