पावसाळ्यात वापरलेला २:१ आर्ट रेझिन किट: सरफेस कसा येतो, कुठे बिघडतो, कसा सुधारतो

रेझिन चांगलं आहे, पाचपैकी चार स्टार. एक स्टार कापलाय तो बरोबर येणाऱ्या माहितीच्या कागदासाठी. ठाण्यातल्या एका क्राफ्ट सामानाच्या दुकानातून घेतलेला साधा क्लिअर इपॉक्सी रेझिनचा किट आहे, पार्ट ए म्हणजे रेझिन ६०० मिली आणि पार्ट बी म्हणजे हार्डनर ३०० मिली. कंपनीचं नाव टाकत नाहीये कारण खाली जे लिहिलंय ते बाजारातल्या बहुतेक २:१ किटना लागू पडतं, आणि मला बोलायचंय ते सरफेसबद्दल. लोक रेझिनला नावं ठेवतात आणि बऱ्याचदा दोष हवेचा, वजनकाट्याचा नाहीतर मोल्डवर मारलेल्या स्प्रेचा असतो.

आपल्याकडे रेझिनच्या ऑर्डरी सगळ्यात जास्त कधी येतात तर श्रावणापासून गणपतीपर्यंत, पूजेची ताटं, चौरंग, नेमप्लेट, तोरणं. आणि नेमकी तेव्हाच ठाणे-मुंबई-कोकणात हवेत ८०-९० टक्के दमटपणा असतो. इपॉक्सीला हवी ५०-६० टक्क्यांच्या आतली हवा आणि साधारण २२ ते २५ अंश तापमान. किटच्या कागदावर "कोरड्या जागी वापरा" एवढी एकच ओळ आहे, आकडा कुठेच नाही. आपल्या हवेत विकायचं असेल तर हा आकडा बाटलीवर मोठ्या अक्षरात पाहिजे, स्टार कापला तो ह्यासाठी.

दमट हवेत काय होतं बघा, पीस कडक होतो, नखानं दाबला तरी खूण पडत नाही, पण वर हात फिरवला की मेणचट लागतं आणि तिरकं धरलं की चकाकी ढगाळ दिसते. ह्याला अमाइन ब्लश म्हणतात. हार्डनरमधलं अमाइन रेझिनशी जोडलं जायच्या आधीच हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड त्याला गाठतात आणि वर कार्बामेटचा पातळ थर बसतो. घाबरायचं नाही, हा थर पाण्यात विरघळतो. पूर्ण क्युअर झाल्यावर, म्हणजे आतपर्यंत कडक झाल्यावर, कोमट पाणी घ्या, भांडी घासायची हिरवी घासणी (नवीन, साबण-तेलाची नको), हलक्या हातानं घासा, पाणी बदलून परत पुसा, कोरडं करा. खूप जण इथे थेट थिनर नाहीतर ॲसिटोन लावतात, त्यानं ब्लश नीट निघत नाही, नुसता पसरतो. आणि धुवायच्या आधी पॉलिश पेपर तर अजिबात मारू नका, तो मेणचट थर घासलेल्या ओरखड्यांत जाऊन बसतो, मग वर दुसरा कोट टाकला की काही दिवसांनी पापुद्रा सुटतो. आधी पाणी मग पेपर, हा क्रम पाठ करून ठेवा.

ब्लश येऊच नये म्हणून मी खोली बंद करून एसी ड्राय मोडवर ठेवते, ओतायच्या आधी थोडा वेळ आणि ओतल्यावर निदान रात्रभर. हवेतला दमटपणा मोजणारं साधं डिजिटल हायग्रोमीटर ऑनलाइन स्वस्तात मिळतं, ते टेबलावर असतंच. अशा खोलीत ह्या किटचा सरफेस खरंच काचेसारखा येतो, आणि बाहेर धो धो पाऊस असताना खिडकी उघडी ठेवून ओतलेल्या कोस्टरवर ब्लश आला, किट तोच, मोजमाप तेच.

आता चिकटपणा, कारण ह्या किटच्या रेटिंगमध्ये सगळ्यात जास्त तक्रार तीच दिसते, "चार दिवस झाले तरी चिकट". ब्लश मेणचट असतो, हा चिकट म्हणजे बोट अडकतं असा, दोन्ही वेगळे. बाटलीवर स्पष्ट लिहिलंय की प्रमाण २:१ हे आकारमानानं आहे, मिलीमध्ये. पण आपण घेतो किचनचा वजनकाटा आणि १०० ग्रॅमला ५० ग्रॅम हार्डनर टाकतो. पार्ट ए जड असतो, पार्ट बी हलका, त्यामुळे आकारमानानं २:१ असलेल्या रेझिनचं वजनानं प्रमाण बहुतेक वेळा १०० ला ४३-४५ च्या आसपास येतं. म्हणजे ५० टाकल्यावर हार्डनर जास्त झाला, पीस मऊ राहतो आणि वर ब्लशही वाढतो. "जरा जास्त हार्डनर टाकला की लवकर सुकेल" हा सल्ला जो देईल त्याचं ऐकू नका, हे फेव्हिकॉलसारखं सुकत नाही, दोन्ही भाग एकमेकांशी जोडले जातात आणि उरलेला भाग तसाच मोकळा राहतो. मापाचे कप वापरा, नाहीतर कंपनीला वजनाचं प्रमाण विचारून घ्या. दुसरं कारण म्हणजे अर्धवट ढवळणं, तीन मिनिटं सावकाश ढवळा, कपाच्या कडा आणि तळ खरवडत, मग सगळं दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून परत थोडं. पहिल्या कपाच्या कडेला राहिलेलं शेवटी निपटून काढून पीसवर टाकलं की तिथेच चिकट पट्टा उमटतो.

सगळा पीस चिकट असेल तर त्याच्यावर नवीन कोट टाकून काही होत नाही, खालचं मऊ ते मऊच राहतं. स्क्रॅपरनं मऊ भाग खरवडून काढा, आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा, खाली कडक लागेपर्यंत, आणि मग परत ओता. कष्टाचं काम आहे पण दुसरा उपाय नाही. हे करताना नायट्राइल ग्लोव्हज हवेतच, अर्धवट क्युअर झालेलं रेझिन हाताला लागत राहिलं तर एकदा ॲलर्जी बसते ती आयुष्यभर जात नाही, ह्या बाबतीत प्लीज हलगर्जी करू नका.

फिश आय, म्हणजे ओतल्यावर मधेच गोल खड्डे पडतात आणि रेझिन तिथून मागे सरकतं, खालचा बेस दिसतो. कारण तेल, मेण किंवा सिलिकॉन. घरात मोल्ड रिलीज स्प्रे किंवा फर्निचर पॉलिशचा स्प्रे मारला असेल तर त्याचे कण हवेतून बेसवर बसतात, आणि आपल्याकडे अजून एक, केसाला खोबरेल लावून त्याच हातानं बेस उचलणं. ओलं असतानाच दिसलं तर ग्लोव्ह घातलेल्या बोटानं तो भाग जोरात चोळून रेझिन परत पसरवा, कधीकधी भरून येतं. क्युअर झाल्यावर मात्र खड्ड्याच्या कडा २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा, आयपीएनं पुसा, पूर्ण सरफेसवर नवा कोट. नुसता खड्डा भरलात तर डाग दिसतो. आणि कोट फार पातळ ताणू नका, साधारण ३ मिमी जाडी असेल तरच रेझिन स्वतःहून लेव्हल होतं.

बबलच्या बाबतीत हा किट बरा आहे, पातळ आहे, बरेचसे आपोआप वर येतात. पावसात बाटली गार असेल तर झाकण घट्ट लावून पार्ट ए कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, बाहेरून नीट पुसूनच उघडा. लाकूड किंवा एमडीएफ असेल तर आधी पातळ सील कोट ब्रशनं मारायलाच हवा, नाहीतर लाकडातली हवा रात्रभर बुडबुडे सोडत राहते आणि सकाळी टाचणीच्या टोकाएवढी भोकं. बबल फोडायचा टॉर्च (ज्योतीचा, गॅसवरचा) फिरता ठेवायचा, एका जागी थांबला की सुरकुती पडते, आणि सिलिकॉन मोल्डवर टॉर्च नकोच, मोल्डची चकाकी जाते आणि मग पुढचा प्रत्येक पीस मॅट निघतो. आयपीएचा फवारा मारून बबल फोडायचा व्हिडिओ खूप फिरतो, मला पटत नाही, वर बारीक खळगे पडतात आणि शेजारी टॉर्च पेटलेला असेल तर आग लागायची भीती.

दुसऱ्या कोटची वेळ कागदावर ४ ते ६ तास दिलीय आणि ती बरोबर वाटली, बोट लावलं तर खूण उमटते पण रेझिन बोटाला येत नाही तेव्हा टाकायचा, खालच्याशी थेट जोडला जातो. एकदा कडक झालं की घासून खरखरीत केल्याशिवाय पकड येत नाही.

धुळीचे कण आणि बारीक उंचवटे पॉलिशनं जातात. हार्डवेअरमध्ये वॉटर पेपर मागा, ४०० पासून ६००, ८००, १०००, १५००, २००० असं चढत जायचं, पाणी लावून, दर नंबरला दिशा बदलायची म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. शेवटी गाडीला लावतात ते रबिंग कंपाउंड फोम पॅडवर, मशीनचा स्पीड कमी. घाई करून ४०० वरून थेट १५०० वर गेलात तर काळ्या पीसवर उन्हात सगळं दिसेल. हे सगळं निदान तीन दिवसांनी, त्याआधी पेपर चिकटतो.

पूजेच्या ताटासाठी घेणाऱ्यांना एक सांगते, असलं साधं रेझिन ५०-६० अंशाला मऊ पडू शकतं, पेटतं निरांजन थेट ठेवलं की खाली गोल खूण उमटते. निरांजनाखाली छोटी पितळी थाळी ठेवायला गिऱ्हाईकाला सांगून ठेवा, मी ऑर्डरबरोबर चिठ्ठीच देते.

परत हाच किट घेईन, घेतेही. घेताना बाटलीवरची तारीख बघा, आणि थंडीत पार्ट ए पांढरट, दाणेदार झालेला दिसला तर खराब समजून टाकून देऊ नका, झाकण लावून ५० अंशाच्या आसपासच्या पाण्यात ठेवला की परत स्वच्छ होतो, मग खोलीच्या तापमानाला आला की वापरा.