ऑटोमॅटिक गाडीला वेगळा ट्रान्समिशन कूलर (गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी जाळी) लावून काही महिने झाले, त्याचा अनुभव

आधी निकाल सांगतो म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायचं नाही ते सुटतील. रोजच्या घर-ऑफिस वापरात काडीचाही फरक जाणवला नाही. भरलेली गाडी चढावर घेऊन गेलो तर मात्र फरक आहे आणि चांगला आहे.

माझी गाडी साधी टॉर्क कन्व्हर्टरवाली, सहा गिअर, डिझेल. हे सांगणं गरजेचं आहे कारण हल्ली दोन पेडल असलेल्या प्रत्येक गाडीला लोक ऑटोमॅटिकच म्हणतात. एएमटी असेल तर हा विषयच सोडा, तो मॅन्युअल गिअरबॉक्स आहे, फक्त क्लच आणि गिअर मशीन टाकतं, कूलर लावायला त्यात फिरतं तेलच नसतं. ड्राय क्लचवाल्या ड्युअल क्लचचंही तेच, तिथे तापतात त्या क्लचच्या कोरड्या प्लेटा.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद तेलातून पुढे जाते, आणि जोपर्यंत आतला लॉक-अप क्लच लागत नाही तोपर्यंत दोन बाजू वेगवेगळ्या वेगाने फिरत असतात, म्हणजे स्लिप, आणि स्लिप म्हणजे उष्णता. हायवेवर लॉक-अप लागलेला असतो म्हणून तेल निवांत असतं. लांब चढ, गाडीत माणसं-सामान भरलेलं, पुढे एखादा ट्रक रखडतोय, वेग वीस-पंचवीस, अशा वेळी लॉक-अप सुटतो आणि खेळ सुरू होतो. मी ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं छोटं यंत्र) लावून मोबाईलवर गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान बघत जायचो. सपाटीवर ८५-९० असलेला आकडा लॉक-अप सुटला की लगेच हलायला लागायचा, ९६, १०१, १०५, आणि चढाच्या वरच्या टप्प्यात ११८ बघितलाय. डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. तो दिवा बराच उशिरा लागतो, तोपर्यंत तेलाचं व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

एटीएफचा, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचा, एक ढोबळ हिशोब आहे, साधारण ८० अंशांच्या वर दर १० अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. एखाद्या दिवशी तासभर ११८ गेलं म्हणून गिअरबॉक्स लगेच बसत नाही, पण दर सुट्टीला हेच करत असाल तर १२० च्या आसपास तेलाची वार्निश (आतल्या भागांवर बसणारा चिकट थर) व्हायला लागते, आणखी वर सील कडक होतात आणि मग क्लच प्लेटा सरकायला लागतात.

आता कोणी म्हणेल कंपनीने कूलर दिलेला असतोच की. असतो, पण बऱ्याच गाड्यांत तो रेडिएटरच्या टाकीच्या आत असतो, म्हणजे तेल थंड करतं ते कूलंट. आणि कूलंटच ९० अंशांच्या आसपास असताना तेल त्याच्या फार खाली जाणार कुठून? चढावर तर इंजिनही तापलेलं असतं. या व्यवस्थेचा फायदा एकच, सकाळी थंड तेल लवकर गरम होतं, आणि तो फायदा मला घालवायचा नव्हता. म्हणून मूळ कूलर तसाच ठेवला, त्यातून बाहेर पडलेलं तेल नव्या कूलरमध्ये आणि तिथून परत गिअरबॉक्समध्ये, अशी लाइन केली. कूलर स्टॅक्ड प्लेटवाला घेतला, पाइप-जाळीवाल्यापेक्षा महाग पण त्याच आकारात जास्त उष्णता काढतो.

रिटर्न पाइप कुठला हे ओळखायला थोडं चालवून आलो, इंजिन बंद केलं आणि दोन्ही पाइप चाचपले, जास्त गरम तो गिअरबॉक्समधून निघणारा, कमी गरम तो परत जाणारा. किटसोबत प्लॅस्टिकच्या पिना येतात, त्या एसी कंडेन्सरच्या जाळीतून आरपार घालून कूलर त्याच्यावर आवळायचा असतो, ते मला अजिबात पटलं नाही, गाडी हलेल तसा कूलर कंडेन्सरवर घासत राहणार आणि एक दिवस गॅस जाणार. पत्र्याच्या पट्ट्या कापून ब्रॅकेट करून घेतलं, मध्ये बोटभर फट ठेवली. होज तेलाचीच घ्या, कूलंटची रबरी होज एटीएफने फुगते. आणि कूलर-पाइप भरायला माझ्याकडे अर्धा लिटरच्या आसपास जास्त तेल लागलं. माझ्या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही, त्यामुळे कंपनीने सांगितलेल्या तापमानाला इंजिन चालू ठेवून खालच्या प्लगमधून लेव्हल बघावी लागली, हे काम अंदाजाने करू नका.

तोच चढ, तेवढंच वजन, तसाच उन्हाळा, आता आकडा ९८-१०० च्या पुढे जात नाही. वर पोचून उतार लागला की पूर्वी तेल खाली यायला खूप वेळ घ्यायचं, आता पटकन ९० च्या खाली येतं, मला खरं तर हाच भाग जास्त आवडला. ट्रॅफिकमध्ये फरक तीन-चार अंशांचा, कारण गाडी उभी असताना कूलरला वारा फक्त रेडिएटरच्या पंख्याचा. एसीवर परिणाम जाणवला नाही. गिअर स्मूथ झाले, मायलेज वाढलं वगैरे जे लोक लिहितात ते मला तरी कुठे दिसलं नाही.

उलटी बाजूही आहे. थंडीत हायवेवर तेल ७० च्या खालीच रेंगाळायचं, आणि तेल थंड असलं की गाडी लॉक-अप उशिरा लावते, गिअरही जरा रेटून बदलते. नंतर लाइनमध्ये थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह टाकला, तेल ८० च्या आसपास येईपर्यंत तो कूलरकडे जवळपास जाऊच देत नाही, आणि तक्रार संपली. कूलर घेताय तर व्हॉल्व्हचे पैसे त्यातच धरा.

ज्यांची गाडी शहरातच फिरते त्यांनी या भानगडीत पडू नये, त्या पैशात एटीएफ बदला, ‘लाइफटाइम फिल’ (म्हणजे तेल कधीच बदलायची गरज नाही) लिहिलेलं असलं तरी बदला. ट्रेलर ओढणारे, डोंगराळ भागात राहणारे, सात माणसं घेऊन फिरणारे यांनी आधी स्कॅनर लावून एक लांब चढ करावा. ११० च्या वर आकडा टिकून राहत असेल तरच पुढचा खर्च. नव्या बऱ्याच गाड्यांत कूलर थेट गिअरबॉक्सवरच बोल्ट केलेला असतो, कापायला बाहेर पाइपच नसतो, तिथे अडॅप्टर प्लेट लागते आणि काम बरंच वाढतं, शिवाय गाडी वॉरंटीत असेल तर आधी लेखी विचारून घ्या. सीव्हीटीवाल्यांनी (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारा ऑटोमॅटिक) सीव्हीटीसाठी चालणारा कूलर आहे का ते बघूनच घ्यावा, तेल आणि प्रेशर दोन्ही वेगळं असतं.

माझ्याकडे एका क्लॅम्पपाशी पहिल्या काही दिवसांत तेलाचा ओलावा दिसला होता, परत आवळल्यावर थांबला, तेव्हापासून कोरडं आहे. आता दर सर्व्हिसला क्लॅम्प बघतो आणि कूलरच्या जाळीत अडकलेले किडे-माती पाण्याच्या हलक्या धारेने काढून टाकतो.