.२२ चं पिस्तूल साफ करायला काय घ्यावं : एका बाटलीतलं सीएलपी, सॉल्व्हंट-ऑइल वेगवेगळं, की मशीनचं तेलच बास?

२५ मीटर पिस्तूल नेमबाजीसाठी .२२ चं सेमी-ऑटो पिस्तूल हातात आलं, स्वतःचं असो नाहीतर क्लबचं, की महिन्याभरात प्रत्येकाचा एकच प्रश्न येतो, क्लीनिंगला काय घेऊ? आणि मग उत्तरांचा पाऊस. एक जण सांगतो सीएलपीची (साफसफाई, वंगण आणि गंजरोधक तिन्ही एकत्र) बाटली घे आणि डोक्याला ताप नको, दुसरा म्हणतो सॉल्व्हंट वेगळं आणि ऑइल वेगळं हवंच, आणि एखादे रिटायर्ड फौजी काका असतातच, ते म्हणतात उगाच कशाला खर्च, चिंधी आणि तेल बास की. तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं आहे, कारण तिघांच्या डोळ्यासमोर वेगवेगळी हत्यारं आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो : .२२ वाल्याला एक चांगलं सीएलपी पुरतं, जास्तीचे पैसे घालायचेच असतील तर दुसऱ्या बाटलीत न घालता रॉड, ब्रश आणि फेल्टमध्ये (नळी पुसायच्या लोकरीच्या गोळ्या) घाला.

पण त्याआधी .२२ मध्ये घाण नक्की कसली होते ते बघू, कारण सगळी खरेदी त्यावर अवलंबून आहे. .२२ लाँग रायफलची गोळी म्हणजे उघडं शिसं आणि त्याच्यावर मेणासारखं वंगण, मॅच अम्युनिशनमध्ये तर तांब्याचं आवरण नसतंच. शिवाय ही पिस्तुलं बहुतेक सगळी ब्लोबॅक, म्हणजे बॅरल (नळी) फिक्स आणि रिकामी पुंगळीच बोल्टला (मागचा सरकणारा ठोकळा) मागे ढकलते, त्यामुळे धूर, न जळलेली दारू, मेण, शिशाचा कीस हे सगळं बॅरलपेक्षा जास्त मागे, बोल्टच्या तोंडावर आणि चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) कडेला साठतं. एकदा नीट उजेडात बोल्ट उघडून बघा, एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळी बाहेर ओढणाऱ्या, नखाखाली करड्या रंगाची पापडी जमलेली असते, ओली नाही, कोरडी पण नाही, टूथपिकने उकरली की तुकडा निघतो आणि खाली चकचकीत स्टील दिसतं. ती पापडी वाढली की नख पुंगळीच्या कडेला नीट धरत नाही आणि ऐन रॅपिडमध्ये, जिथे एका गोळीला तीनच सेकंद मिळतात, पुंगळी अडकून बसते. ज्या २५ मीटर पिस्तूलमध्ये राही सरनोबतने २०१८ च्या एशियन गेम्सला गोल्ड घेतलं तो हाच प्रकार, तीस गोळ्या प्रिसिजन आणि तीस रॅपिड, आणि मालफंक्शन (हत्यार अडलं म्हणून परत संधी) मागायची सोय असली तरी लय तुटते ती तुटतेच.

म्हणजे .२२ ला तांबं काढणारं जहाल केमिकल लागतच नाही. लागतं ते मेण आणि काजळी सोडवणारं काहीतरी, आणि नंतर अगदी पातळ तेलाचा हात.

आता सीएलपी. क्लीन, ल्युब्रिकेट, प्रोटेक्ट, तिन्ही कामं एका बाटलीत, अमेरिकन लष्करामुळे नावारूपाला आलेला प्रकार, ब्रेक-फ्री हे त्यातलं जुनं नाव. फायदा उघड आहे, एकच बाटली, एकच सवय, चुकून सॉल्व्हंट पुसायचं राहिलं आणि तसंच ठेवून दिलं असा घोळ होत नाही. तोटा असा की साफ करायच्या कामात ते हळू आहे, लावून दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यावं लागतं, आणि बरेच लोक लावलं की लगेच पुसतात आणि मग म्हणतात याने काही निघत नाही. काहींमध्ये टेफ्लॉनसारखे बारीक कण असतात ते तळाला बसतात, तेव्हा बाटली हलवून घ्या. बॅलिस्टॉल हे याच घरातलं पण जरा वेगळं, जर्मन, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होतं, आणि लाकडाला-चामड्याला चालतं ही त्याची मोठी जमेची बाजू, कारण मॅच पिस्तुलाची अक्रोडाची ग्रिप काही स्वस्तात येत नाही. वास मात्र प्रत्येकाला झेपत नाही, बेडरूममध्ये बसून वापरायचं असेल तर घरच्यांना आधी विचारा.

सॉल्व्हंट आणि ऑइल वेगळं ठेवणारे लोक सहसा हॉपीज नंबर ९ चं नाव घेतात, १९०३ पासूनचं आहे, काम झकास करतं, चिकट घाण सीएलपीपेक्षा पटकन सोडवतं यात वाद नाही. पण मग ते पूर्ण पुसून काढायचं, मग ऑइल लावायचं, म्हणजे काम दुप्पट. ग्रिप आधी उतरवून ठेवायची कारण सॉल्व्हंट लाकडाच्या पॉलिशची वाट लावतं, आणि निकेल प्लेटिंग असेल तर जास्त वेळ ठेवायचं नाही. लायसन्सवर .३२ चं पिस्तूल असणाऱ्यांना हा पर्याय मी जास्त सुचवेन, तिथे गोळीला तांब्याचं आवरण असतं, बॅरलमध्ये तांब्याचा थर बसतो आणि नुसत्या सीएलपीने तो लवकर हलत नाही. .२२ ला मात्र त्या बाटलीची अर्धी ताकद वायाच जाते. क्लबमध्ये आठ-दहा पिस्तुलं रोज वापरात आहेत, महिन्यातून एकदा सगळी खोलून धुवायची आहेत, तर सॉल्व्हंटचा मोठा डबा परवडतो, घरी एका पिस्तुलाला नाही.

आणि आपला देशी मार्ग, रॉकेल आणि शिलाई मशीनचं तेल. याला नावं ठेवायची फॅशन आहे पण रॉकेल मेण आणि काजळी खरंच काढतं, जुनी पिढी याच्यावरच चालली. अडचण अशी की शहरात आता रॉकेल मिळणंच मुश्किल, मिळालं तर घरात ठेवायला धोक्याचं, आणि रॉकेल स्टीलवरचं तेलही धुऊन नेतं, म्हणजे पुसून लगेच तेल लावलं नाही तर उघड्या स्टीलला दमट हवेत गंज धरायला वेळ लागत नाही. मशीनचं तेल पातळ, स्वच्छ, वंगण म्हणून .२२ ला अगदी योग्य जाडीचं, पण त्यात गंज रोखणारं वेगळं काही नसतं आणि ते ओघळून खाली जातं. पुण्या-नाशिकला हिवाळ्यात, आठवड्याला तीनदा रेंजवर जाताय, तर चालून जाईल. रत्नागिरीला किंवा मुंबईत जुलैमध्ये पिस्तूल तीन आठवडे पेटीत पडणार असेल तर मी त्याच्यावर भरवसा ठेवणार नाही. जुन्या लोकांचं रंगून ऑइल कुणाकडे असेल तर ते गंजासाठी बरं आहे, जरा जाड असतं, वापरायच्या आधी पुसून घ्या एवढंच. खोबरेल तेल मात्र कृपा करून नको, २४-२५ अंशांच्या खाली ते थिजतं, डिसेंबरात बाथरूममधली बाटली बघा म्हणजे बोल्टमध्ये काय होणार ते कळेल, आणि जुनं झालं की चिकट होतं ते वेगळंच. डब्ल्यूडी-४० पावसात भिजलेल्या पिस्तुलातलं पाणी बाहेर काढायला उत्तम, त्याचं मूळ काम तेच, पण त्यानंतर पुसून खरं तेल लावायचं, तेच वंगण समजून बसू नका.

ग्रीसचा विषय थोडक्यात. यूट्यूबवर ९ एमएमवाले स्लाइडच्या रेल्सना ग्रीस लावताना दिसतात, तिथे ते बरोबर आहे, कारण त्या पिस्तुलांमध्ये बॅरल आणि स्लाइड एकमेकांत लॉक होतात, जड स्लाइड जोरात घासते, आणि मागे ढकलायला ताकदही भरपूर असते. .२२ च्या काडतुसात मुळात जीवच कमी, त्यात जाड ग्रीसने बोल्ट जड केला तर तो पूर्ण मागे जात नाही आणि पुढचा राऊंड उचलला जात नाही. तुमच्या मॅन्युअलमध्ये ग्रीस लिहिलं असेल त्याच जागी, तांदळाच्या दाण्याएवढं. नाहीतर नकोच.

बाटलीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न खरं तर बॅरलमधून काय फिरवायचं हा आहे, आणि तिथे लोक काटकसर करतात. एनसीसीत ज्यांनी .२२ रायफल साफ केलीय त्यांना फुलथ्रू आणि चिंधी माहीत आहे, दोरी चेंबरकडून टाकायची आणि मझलकडून (नळीच्या पुढच्या तोंडाकडून) ओढायची, दिशा अगदी बरोबर. आजचा बोअरस्नेक म्हणजे त्याचंच सुधारलेलं रूप, दोरीतच ब्रश विणलेला, दोन मिनिटांत काम होतं, रेंजवरून निघताना याच्यासारखं काही नाही. पण तो धुवायला हवा, न धुता वर्षभर तोच वापरला तर आदल्या वेळची काजळी परत आत फिरवताय एवढाच त्याचा अर्थ, आणि दोरी जुनी होऊन बॅरलच्या आत तुटली तर ती काढायला आर्मररकडे (हत्यार दुरुस्त करणाऱ्याकडे) जावं लागतं. रॉडने ताकद लावता येते, शिसं बसलं असेल तर ब्राँझचा ब्रश रॉडवरच हवा, पण स्वस्तातला तीन तुकड्यांचा ॲल्युमिनियमचा रॉड घेऊ नका, जोडावर वाकतो आणि त्याच्या मऊ धातूत रुतलेली रेती बॅरल घासते. प्लॅस्टिकचं आवरण असलेला एकसंध रॉड घ्या. तुमच्या पिस्तुलात मागून रॉड जात नसेल आणि मझलकडूनच घालावा लागत असेल तर गाइड वापरा, कारण नळीच्या तोंडाची ती कड, क्राऊन, एकदा घासली गेली की ग्रुप (टार्गेटवर गोळ्या जवळजवळ पडणं) फुटतो आणि तो कुठल्याही तेलाने परत येत नाही.

फेल्ट हा माझा आवडता मार्ग. छोट्या लोकरीच्या गोळ्या असतात, केबलवर लावून चेंबरकडून पुढे ओढायच्या, पहिली सीएलपी लावून, मग कोरड्या, शेवटची गोळी जवळजवळ पांढरी आली की झालं. सुताच्या चिंधीपेक्षा नळीला सगळीकडून सारखी घासते आणि धागे मागे राहत नाहीत. महाग पडतात हे कबूल. जुन्या बनियनचे चौकोन कापूनही काम होतं, फक्त साइज जमवायला जरा हात बसावा लागतो, मोठा कापला तर अडकतो.

किती वेळा? इथे रायफल-पिस्तूलवाल्यांचे जोरदार वाद होतात. बॅरल रोज घासायची गरज नाही, .२२ ची नळी अगदी लख्ख केली की पुढच्या काही गोळ्या जागा बदलतात, आत मेणाचा थर परत बसेपर्यंत ग्रुप स्थिर होत नाही, म्हणून मॅचच्या आदल्या रात्री बॅरल धुणं हा शुद्ध वेडेपणा आहे. उलट बोल्टचं तोंड, एक्स्ट्रॅक्टर, चेंबरची कड आणि मॅगझिनचे ओठ हे प्रत्येक सेशननंतर टूथब्रशने, पाच मिनिटं. चेंबर शेवटी कोरडाच ठेवायचा, फायरिंग पिनच्या भोकात तेल सोडायचं नाही, तिथे तेल आणि काजळीची खळ होते आणि पिनचा ठोका हलका पडतो. मॅगझिनच्या आतही तेल नको, काडतुसाला लागलं तर आतल्या प्राइमिंगपर्यंत (ठोक्याने पेटणारा मसाला) झिरपू शकतं. बोल्ट जिथे सरकतो त्या पट्ट्यांवर दोन्हीकडे एकेक थेंब, बोटाने पसरायचा, वर चमक दिसली पाहिजे, ओल नाही. ओघळ दिसला म्हणजे जास्त झालं आणि पुढच्या सेशनची सगळी दारू तिथेच चिकटणार.

हे सगळं करायच्या आधी मॅगझिन बाहेर, बोल्ट मागे, चेंबरमध्ये डोळ्याने बघायचं आणि करंगळीनेही चाचपायचं, काडतुसांचा डबा त्या खोलीतच नको. खिडकी उघडी, हातात नायट्राइल ग्लोव्हज, कारण प्राइमिंगमध्येही शिसं असतं, आणि चहाचा कप त्या टेबलावर आणायचा नाही. ट्रिगर युनिटमध्ये ब्रश घालू नका, इक्विपमेंट कंट्रोलला (मॅचमधल्या हत्यार तपासणीला) ट्रिगरवर १००० ग्रॅमचं वजन उचललं गेलं पाहिजे, ते सेटिंग आर्मररवर सोडा. आणि दसऱ्याला, खंडेनवमीला पूजा करायचीच असेल, करतातच सगळे, तर हळद-कुंकू पेटीला किंवा केसला लावा. तेलात भिजलेलं कुंकू बोल्टच्या खाचेतून काढत बसणं हा वेगळाच उपवास आहे.

पावसाळ्यासाठी वेगळं प्रॉडक्ट घ्यायची गरज नाही, तेच सीएलपी बाहेरच्या स्टीलवर जरा सढळ हाताने. पण केसमधला फोम ओल धरून ठेवतो, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि अधूनमधून बदला. .३२ वाल्यांनी पिस्तूल चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून कपाटात ठेवायची सवय सोडा, चामडं कमावताना वापरलेले क्षार आणि दमट हवा, दोन्ही मिळून ब्लूइंग (स्टीलवरचा निळा-काळा थर) खातात.

आता शेवटी प्रवास, कारण किट घेताना हे कुणाच्या लक्षात येत नाही. भोपाळला किंवा दिल्लीच्या करणी सिंग रेंजला विमानाने जाणार असाल तर पेट घेणारा स्प्रे आणि सॉल्व्हंट चेक-इनमध्येही चालत नाहीत, रेल्वेतही ज्वालाग्राही वस्तूंना बंदीच आहे. म्हणून स्प्रेचा डबा न घेता थेंब टाकायची छोटी बाटली घेतलेली बरी, तीही नेण्याआधी लेबल आणि एअरलाइनचा नियम बघून घ्या. बॅगेत कोरडे फेल्ट, टूथब्रश, ब्राँझ ब्रश आणि केबल, एवढ्यावर चार दिवसांची मॅच आरामात निघते, थेंबभर तेल बाजूच्या लेनवाल्याकडे मागितलं तर रेंजवर कुणी नाही म्हणत नाही.