रायझन ५ ५६००: कमी बजेटमध्ये अजूनही दम आहे
पीसीसाठी इंटेलचा आय३ १२१००एफ प्रोसेसर घ्यावा की एएमडीचा हा, यात बरेच जण अडकतात, मी ५६०० घेतला आणि खूश आहे. ६ कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) १२ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं), त्यामुळे गेम चालू असताना मागे डिस्कॉर्ड, ब्राउझर उघडं राहिलं तरी अडखळत नाही, ४ कोरवाल्या आय३ची तिथेच गोची होते. ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) गेममध्ये खरंच कामाला येते, याच्याच भावंडात, ५६००जी मध्ये ती निम्मीच, पण हां, त्यात ग्राफिक्स आतच असतं, याच्यात नाही, म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर स्क्रीन काळीच! ६५ वॅटचाच आहे, म्हणजे उष्णता कमी, म्हणून सोबतचा कूलर पुरतो, फक्त लोड आला की जरा घरघरतो. जुना बी४५० मदरबोर्ड असेल तर आधी बायोस (बोर्डमधलं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट करा, नाहीतर पीसी चालूच होणार नाही.