डेप्थ कॅमेरे सिंक करायचेत: टाइमस्टॅम्प, मास्टर-स्लेव्ह की बाहेरचा ट्रिगर?

दोन-तीन डेप्थ कॅमेरे (समोरच्या प्रत्येक बिंदूचं अंतर मोजणारे) घेतले आणि ते सिंक करायचे, म्हणजे सगळ्यांनी एकाच क्षणी फ्रेम टिपायची, असं ठरलं की लगेच वायरी ओढायला बसू नका, आधी समोरची वस्तू किती जोरात हलतीये ते बघा, अर्धा निर्णय तिथेच होतो. 30 एफपीएसला (सेकंदाला 30 फ्रेम) दोन फ्रेममध्ये 33.3 मिलिसेकंद असतात, त्यामुळे टाइमस्टॅम्प (फ्रेमवरचा वेळेचा शिक्का) बघून सगळ्यात जवळची फ्रेम उचलली तरी 16-17 मिलिसेकंदांपर्यंत फरक राहू शकतो. माणूस सेकंदाला 1 मीटरने चालत असेल तर दोन पॉइंट क्लाउडमध्ये (मोजलेल्या बिंदूंच्या 3डी चित्रांमध्ये) तो दीड-पावणेदोन सेंटीमीटर सरकलेला दिसणार. ठेवलेलं खोकं मोजताय? मग खुशाल टाइमस्टॅम्पवर भागवा. हातवारे, कन्व्हेयर, पळणारा रोबोट असं काही असेल तर मात्र हार्डवेअर सिंक (वायरीवरून सिग्नल देऊन फ्रेम एकदम टिपणं) लागतंच. आणि "सगळे एकदम स्टार्ट केले की सिंकमध्ये राहतात" यावर विश्वास ठेवू नका, दोन कॅमेऱ्यांच्या घड्याळाच्या क्रिस्टलमध्ये 20 पीपीएमचा (दहा लाखांत 20) फरक धरला तरी साधारण 28 मिनिटांत अख्खी एक फ्रेम सरकते.

आता मास्टर-स्लेव्ह की बाहेरचा ट्रिगर? सगळे कॅमेरे एकाच जातीचे आणि सोबत दुसरं काहीच नसेल तर एकाला मास्टर करा (हा सिग्नल देतो), बाकीचे स्लेव्ह (ते त्याच्या तालावर चालतात), विषय संपला. सोबत लायडार (लेझरने अंतर मोजणारा), आयएमयू (हालचाल मोजणारा सेन्सर) किंवा स्ट्रोब लाइट असेल तर मायक्रोकंट्रोलरवरून पल्स काढलेली बरी, हाच बाहेरचा ट्रिगर, म्हणजे घड्याळ एकच राहतं आणि मास्टर कॅमेरा हँग झाला म्हणून सगळी साखळी झोपत नाही.

खरी गंमत कॅमेऱ्यागणिक आहे. रिअलसेन्स डी400 सिरीजला 9 पिनचा छोटा कनेक्टर असतो, त्यात 5 नंबरची पिन सिंक आणि 9 नंबरची ग्राउंड. सिग्नल 1.8 व्होल्टचा, पल्स किमान 100 मायक्रोसेकंदांची, म्हणजे 3.3 किंवा 5 व्होल्टचा बोर्ड थेट जोडायचा नाही, मध्ये लेव्हल शिफ्टर (व्होल्टेज जुळवणारा) टाका. वायर लांब असेल तर नॉइजचा पण बंदोबस्त करावा लागतो. डी435 मध्ये डेप्थचे सेन्सर ग्लोबल शटरचे (अख्खं चित्र एकदम टिपणारे) पण आरजीबी म्हणजे रंगाचा सेन्सर रोलिंग शटरचा (ओळीओळीने टिपणारा), तेव्हा डेप्थ सिंक झाली म्हणून रंगही झाला असं धरून चालू नका.

मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर किनेक्टला 3.5 एमएमचे सिंक इन आणि सिंक आउट असे जॅक आहेत, वायरिंग त्यामानाने पोरखेळ. पण बाहेरचा ट्रिगर द्यायचा तर 5 व्होल्ट, 8 मायक्रोसेकंदांपेक्षा मोठी पल्स आणि रेट बरोब्बर 30, 15 किंवा 5, मधलं काही चालत नाही. शिवाय हा टाइम ऑफ फ्लाइट कॅमेरा (प्रकाश जाऊन परत यायच्या वेळेवरून अंतर काढणारा), सगळ्यांचे लेझर एकाच क्षणी पेटले तर एकमेकांची डेप्थ बिघडवतात, म्हणून प्रत्येकाला किमान 160 मायक्रोसेकंदांचा डिले देऊन पुढेमागे ठेवावं लागतं. रिअलसेन्स स्टिरिओ (दोन सेन्सरच्या चित्रांतल्या फरकावरून अंतर काढणारा) असल्यामुळे तिथे ही भानगड नाही, उलट शेजारच्या कॅमेऱ्याच्या प्रोजेक्टरचे ठिपके टेक्स्चर म्हणून कामीच येतात. किनेक्ट मायक्रोसॉफ्टने 2023 मध्ये बंद केला, नवीन घेणारे तेच डेप्थ तंत्र असलेल्या ऑर्बेकच्या फेम्टो बोल्टकडे जातात.

माझं मत विचाराल तर चारपेक्षा जास्त कॅमेरे एकाच जागेकडे बघणार असतील तर स्टिरिओ घ्या, डिलेचा हिशोब ठेवत बसायला नको. पण एका बाबतीत किनेक्ट मला जास्त आवडतो: सिग्नल आला नाही तर सबऑर्डिनेट (म्हणजे स्लेव्ह) कॅमेरा फ्रेमच देत नाही, गडबड लगेच कळते. रिअलसेन्स स्लेव्ह मोडमध्ये पल्स नसली तरी आपला आपला चालू राहतो, फ्रेम येत राहतात, सगळं छान दिसतं आणि वायर निघालेली असते!

म्हणून तिथे हार्डवेअर टाइमस्टॅम्प (कॅमेऱ्याच्या स्वतःच्या घड्याळाचा) तपासा, ग्लोबल टाइम (टाइमस्टॅम्प कॉम्प्युटरच्या घड्याळाशी जुळवणारी सोय) बंद करून. दोन कॅमेऱ्यांच्या टाइमस्टॅम्पमधला फरक तासभर जसाच्या तसा राहिला तर सिंक लागलेलं नाही, दोघं आपापल्या घड्याळावर चाललेत. फरक हळूहळू वाढत गेला तर स्लेव्ह दुसऱ्याच्या तालावर चाललाय, म्हणजे लागलंय. उलटं वाटतं, पण असंच आहे. यूएसबीवर फ्रेम गळल्या तर जोड्या लावायचं काम तरीही तुमच्या कोडलाच करायचंय, ट्रिगर फक्त एक्स्पोजर जुळवतो.